ओढ्याचा चढ आणि आमची सायकल

 

दर वेळी आपण बचत, कर्ज, हप्ता यांवर बोलतो. आज जरा वेगळं बोलायचं आहे. आज बोलायचं आहे आपल्या दमाबद्दल. जिना चढताना लागतो तो दम नव्हे, अंगात असावा लागतो तो दम. तो आमचा कधी गेला, कसा गेला, आणि सायकलीवर कामाला जाता-येता तो परत कसा मिळवला, ते सांगायला आलो आहोत.

आम्ही म्हणजे चौघीजणी. वय बत्तीसपासून पंचेचाळीसपर्यंत. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याच्या ठिकाणापासून सात किलोमीटरवर. चौघींपैकी एक बचत गटांची समन्वयक, आज माईक तिच्या हातात आहे. दुसरी डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाते, तिसरी कपड्याच्या दुकानात शिवण करते, चौथी एका दवाखान्यात आया आहे. चौघींचीही कामं तालुक्याला, आणि चौघींचीही कामं बसून किंवा एका जागी उभं राहून करायची.

चौघींनाही सायकल लहानपणीच येत होती. वडिलांच्या किंवा भावाच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, कैची मारत शिकलेल्या आम्ही. गुडघे फुटले, हँडल वाकवलं म्हणून मार खाल्ला, पण शिकलो. मग दहावी झाली, कुणाची बारावी झाली, एकीचं बीए झालं, लग्नं झाली. लग्नात भांडी येतात, कपाट येतं, सायकल काही येत नाही. सासरी आल्यावर सायकल म्हणजे पोरांची आणि पुरुषांची वस्तू झाली. पंधरा-वीस वर्षं आम्ही तिला हात लावला नाही.

त्या वर्षांत शरीराचं काय झालं ते आमचं आम्हालाच कळलं नाही. बाळंतपणं झाली. एकीचं सिझर झालं. कंबर दुखायला लागली, मांड्या जड झाल्या. दवाखान्याचा एक जिना चढला की भिंतीला हात लावून उभं राहायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, "वय झालं आता." वय होतं छत्तीस.

२०२० सालात लॉकडाऊन लागला आणि कामं बंद पडली. घरात बसून बसून होतं नव्हतं तेही गेलं. पुढच्या वर्षी कामं सुरू झाली, तोवर २०२१ च्या दिवाळीत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. आमच्या गावचीही पोरं ड्रायव्हर-कंडक्टर आहेत, त्यांच्या घरची ओढाताणही आम्ही पाहिली. पण कामावर तर जायचं होतं. टमटमचे जायला वीस, यायला वीस. तीही भरल्याशिवाय हलायची नाही. भरली की अशी भरायची की एक पाय आत आणि एक बाहेर.

एके दिवशी टमटमची वाट पाहत उभ्या होतो. समोरून आठवी-नववीच्या पोरी शाळेच्या सायकलीवर भर्रकन निघून गेल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यातल्याच त्या सायकली. आमच्यातली शिवणकाम करणारी म्हणाली, "आपल्या पोरी आपल्यासमोरून चालल्या आणि आपण इथं उभ्या." तिची मुलगी बारावी होऊन नर्सिंगला गेली होती. सायकल गोठ्यात उभी होती, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या ठेवलेल्या.

त्या रविवारी ती सायकल बाहेर काढली. दोन्ही ट्यूब गेलेल्या, चेन गंजलेली, ब्रेकची रबरं झिजलेली. दुरुस्तीला साडेचारशे रुपये गेले. दुसरी सायकल दिराकडून मागून आणली. संध्याकाळी अंधार पडल्यावर शाळेच्या मैदानात गेलो. अंधारात का, ते तुम्हाला सांगायला नको. वाटलं होतं विसरलो असू. पण पाय विसरलेले नव्हते. पहिल्या दहा-वीस हातांवर हँडल लटपटलं आणि मग सरळ झालं. आमच्यातली सगळ्यात मोठी, पंचेचाळिशीची, मैदानाला एक फेरी मारून आली आणि पदर तोंडाला लावून हसतच बसली.

सोमवारी निघालो, दोन सायकलींवर चौघी. एकीनं चालवायचं, दुसरीनं कॅरियरवर बसायचं, मध्ये बदलायचं. मैत्रिणींनो, ही चूक तुम्ही करू नका. वीस वर्षांनी सायकल धरायची आणि पहिल्याच दिवशी मागे डबलसीट घेऊन सात किलोमीटर जायचं, हा शहाणपणा नव्हे. दोन किलोमीटरवर मांड्या भरून आल्या. ओढ्याचा पूल गेल्यावर एक चढ आहे. गाडीत बसून कधी जाणवतही नाही तो चढ आहे म्हणून. त्या दिवशी तो डोंगरासारखा वाटला. चौघी उतरलो, सायकली ढकलत वर नेल्या. वर पोचल्यावर कडुनिंबाखाली पंधरा मिनिटं बसलो. कामावर उशीर झाला, बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरता येईनात.

पारावरची मंडळी होतीच. "काय वहिनी, शाळेत नाव घातलं का परत?" असं एकानं विचारलं. आम्ही गप्प बसलो, पण तो प्रश्न पुढे आठ दिवस डोक्यात राहिला. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, घरात नवरा असून बाई पायडल मारत चालली." त्यांचंही बरोबरच होतं त्यांच्या परीनं. लोक बोलतात ते सुनेला नाही, आधी सासूला ऐकावं लागतं.

आठ दिवसांनी आम्ही रीत बदलली. आठवड्यातून तीनच दिवस सायकल, मधल्या दिवशी टमटम. डबलसीट बंद. दोघींनी सायकल घ्यायची, दोघींनी टमटमनं जायचं, येताना अदलाबदल. आणि वेग ठेवायचा तो असा, की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता शब्द तुटायला लागले की समजायचं, जास्त होतंय, हळू करा. आणि सायकल चालवताना सबंध ओवी म्हणता येत असेल तर समजायचं, फारच रमतगमत चाललंय, जरा पाय उचला. यंत्र नको, घड्याळ नको, आपला श्वासच आपल्याला सांगतो.

मग सायकली कमी पडायला लागल्या. उरलेल्या दोघींनी गटात अर्ज टाकला, सायकलीसाठी प्रत्येकी साडेपाच हजार अंतर्गत कर्ज. त्या बैठकीत जे झालं ते सांगण्यासारखं आहे. एक जण म्हणाली, शेळीला कर्ज देऊ, मशीनला देऊ, सायकल काही कमाईची वस्तू नाही. दुसरी म्हणाली, उद्या कुणी टीव्ही मागेल. बोलणं त्यांचं खोटं नव्हतं. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा. तेव्हा आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. टमटमचे रोज चाळीस रुपये, महिन्याचे चोवीस दिवस, झाले ९६० रुपये. कर्ज ५,५०० रुपये, दर महिना पाचशे मुद्दल, शेकडा दोन रुपये व्याज. अकरा महिन्यांत व्याज होतं ६६० रुपये. म्हणजे सगळे मिळून ६,१६० रुपये. रोज सायकलीनं गेलं तर एवढे पैसे साडेसहा महिन्यांच्या भाड्यात निघतात. आठवड्यातले चारच दिवस गेलं, तरी दहा महिन्यांत निघतात. पुढचे पैसे घरात राहतात.

फळ्याकडे बघून बाया गप्प झाल्या. मग गटाच्या अध्यक्ष बोलल्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्या म्हणाल्या, "आपण दर बैठकीला दशसूत्री म्हणतो. पहिली पाच पैशाची. सहावं काय? आरोग्याची काळजी. ते म्हणायचंच आहे का करायचं पण आहे?" ठराव झाला. रजिस्टरमध्ये कर्जाचं कारण लिहिलं, "कामावर जाण्यासाठी सायकल व आरोग्य". गटाच्या वहीत आरोग्य हा शब्द दवाखान्याच्या बिलाशिवाय पहिल्यांदा लिहिला गेला.

आता चढाची गोष्ट. संक्रांत झाली तसा आमच्यातल्या तिघींना फरक कळायला लागला. आधी पुलावरच उतरायचो, मग अर्ध्या चढात, मग वरच्या मैलाच्या दगडापाशी. फेब्रुवारीत एक जण न उतरता वर गेली आणि कडुनिंबाखाली थांबून घंटी वाजवत राहिली. आठवड्याभरात दुसरी गेली, मग तिसरी. पण आमची डाळमिलवाली मैत्रीण जिथल्या तिथे. उलट तिची धाप वाढत चालली. पुलाच्या आधीच तिचे ओठ पांढरे पडायचे. ती म्हणायची, "मी आळशीच आहे, तुम्ही व्हा पुढं." आम्हीही हसून म्हणायचो, "चल गं, मार पायडल." आज ते आठवलं की वाईट वाटतं.

शेवटी दवाखान्यात आया असलेली आमची मैत्रीण तिला ओढत तपासणीला घेऊन गेली. रक्त निघालं ८.२. आपलं बायांचं रक्त १२ च्या वर पाहिजे. १२ च्या खाली म्हणजे कमी. ती रोज आठ तास डाळ निवडत होती, घरी येऊन भाकरी थापत होती, पहाटे पाणी भरत होती, हे सगळं ८.२ रक्तावर. कित्येक महिने. आळशी ती नव्हतीच.

मैत्रिणींनो, हे एकटीचं नाही. २०१९ ते २१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये शंभरातल्या ५४ जणींना रक्त कमी असल्याचं निघालं. म्हणजे तुमच्या गटात दहा जणी असतील तर पाच-सहा जणी अशा असू शकतात. त्या सांगत नाहीत, कारण त्यांनाच माहीत नाही. त्यांना वाटतं, आपलं वय झालं, आपण आळशी झालो.

तिनं डॉक्टरांनी सांगितल्या तितके महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. गोळीनं शौचाला काळी होते, पोट जड होतं, घाबरायचं नाही. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, जेवण झाल्या झाल्या चहा प्यायचा नाही, चहामुळे लोह अंगी लागत नाही. भाजीवर, वरणावर लिंबू पिळायचं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शेवटी उरलंसुरलं खायचं नाही, सगळ्यांबरोबर पोटभर जेवायचं. तेवढे महिने ती टमटमनं गेली. पावसाळा संपेपर्यंत तिचं रक्त ११ च्या वर आलं. ते गोळ्यांनी आणि जेवणानं आलं, सायकलीनं नाही, हे नीट ध्यानात ठेवा. सायकलीनं काय केलं? झाकलेलं उघडं पाडलं. घरातल्या घरात, एका जागी बसून ती धाप कधीच कुणाला दिसली नसती.

इथे आम्ही फुशारकी मारणार नाही, पुढचंही खरं सांगणार आहोत. एप्रिलमध्ये एसटी सुरू झाली. ऊन चाळिशीच्या वर गेलं होतं. एक जण म्हणाली, आजच्या दिवस बसनं जाऊ. मग आजचे उद्या झाले. जूनमध्ये पाऊस लागला. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे, मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, काडीनं खरवडून काढावी लागते. सायकली पुन्हा गोठ्यात गेल्या. गटाचे हप्ते मात्र चालू होते.

दिवाळीनंतर एका सकाळी बस चुकली म्हणून दोघींनी सायकली काढल्या. त्या चढावर आल्या आणि अर्ध्यात उतरल्या. सहा महिन्यांत सगळं परत गेलेलं! खूप वाईट वाटलं. तेव्हा एक गोष्ट कळली. दम म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, की ठेवून दिली आणि वाढत राहिली. तो माठातल्या पाण्यासारखा आहे, रोज थोडं भरावं लागतं. पण दुसरी गोष्टही कळली. पहिल्या वेळी चढ न उतरता जायला अडीच-तीन महिने लागले होते, या वेळी पाच आठवड्यांत जमलं. एकदा गेलेली वाट पायांना ठाऊक असते.

२०२३ च्या मार्चमध्ये बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. चांगली गोष्ट झाली, आम्हीही त्यातून माहेरी जातो, देवाला जातो. पण आमचा हिशेबच बदलला. सायकल घेतली होती पैसे वाचवायला, आता वाचणारे पैसे अर्धे झाले. मग सायकल कशाला? त्या रात्री चौघी ओट्यावर बसून बोललो. जी ८.२ वर होती ती म्हणाली, "तिकीट फुकट झालं तरी मी सायकल सोडणार नाही. बस मला तालुक्याला नेते. सायकल मला माझी खबर देते." आम्ही ठरवलं, आठवड्यातून चार दिवस सायकल. पाऊस, कडक ऊन, पाळीत फार दुखत असेल तो दिवस, आजारपण, अशा वेळी बस. यात हार नाही. एक दिवस गेला म्हणून आठवडा सोडायचा नाही.

आता थोडी उपयोगाची माहिती, वहीत टिपून घ्या.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, श्वास जरा वाढेल अशी हालचाल करावी. आम्हाला सात किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात. जाऊन-येऊन ऐंशी, चार दिवसांचे ३२० मिनिटं. वेगळा वेळ काढावा लागला नाही, कामाच्या वाटेवरच झालं. तुमचं काम दोन किलोमीटरवर असेल तरी चालेल. अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं केव्हाही बरं.

इथे कुणी विचारेल, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" प्रश्न बरोबर आहे. जी बाई दिवसभर खुरपते, ऊस तोडते, डोक्यावर पाणी आणते, तिला आम्ही व्यायाम कर म्हणून सांगणार नाही. तिला विश्रांती हवी, पोटभर जेवण हवं. पण आपल्यातल्या पुष्कळ जणी आता मशीनवर, दुकानात, कार्यालयात बसतात. तिथे कंबर आणि मान दमते, पण काळीज आणि फुप्फुसं तशीच पडून राहतात. थकवा येतो आणि दम मात्र वाढत नाही. त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

सायकलीची सीट. आपण बाया सीट खाली ठेवतो, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. भीती वाटते ना! पण त्यानं गुडघे दुखतात. पायडल सगळ्यात खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, गुडघ्यात थोडाच वाक राहिला पाहिजे. एकदम वर करू नका, आठवड्याला बोटभर वाढवा. पहिले पंधरा दिवस बसायची जागा दुखते, लाजून सायकल सोडू नका. सुती कपडा वापरा, सीट पुढे-मागे कललेली नाही ना बघा, दुखणं कमी होतं.

हवा. अर्धी सायकल हवेवर चालते. चाक मऊ असलं की तुम्हाला वाटतं आपल्यातच जोर नाही. आठवड्यातून एकदा हवा भरा. चेनीला तेल द्या, ब्रेक दाबून बघूनच घराबाहेर पडा. पंपाचे पैसे आम्ही चौघींनी मिळून दिले, आता पंप गटाच्या पेटीत असतो.

कपडे. साडीवर सायकल चालते, नऊवारीवर तर फारच छान. मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या, चेनीला कव्हर असू द्या, पदर कमरेला घट्ट खोचा. ओढणीची टोकं बांधून टाका. ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो, यात हयगय नको.

रस्ता. डाव्या बाजूनं, एकीमागे एक. गप्पा मारायला शेजारी-शेजारी चालवायचं ते गावरस्त्यावर, मोठ्या रस्त्यावर नाही. मागच्या मडगार्डला लाल रेडियमची पट्टी लावा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर सरळ खाली उतरून उभ्या राहा. आमच्यातली एक तशीच साइडपट्टीवरून जायला गेली, चाक घसरलं आणि पडली. कोपर सोललं, मनगट मुरगळलं. तिच्या घरचे म्हणाले, आता बास. तीन आठवडे सायकल बंद होती. चौथ्या आठवड्यात नवऱ्यानंच हँडल सरळ करून आणलं, कारण तीन आठवड्यांत घरातली चिडचिड त्यांनी बघितली होती. एवढंच म्हणाले, "जा, पण ट्रॅक्टरला वाट देत जा."

ऊन. मार्च ते जून सात वाजता निघा. डोक्याला-कानाला रुमाल बांधा. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, त्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. उपाशीपोटी निघू नका, नुसत्या चहावर तर नाहीच. अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, नाहीतर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, एवढं तरी पोटात असू द्या.

आता कुणी आधी दवाखान्यात विचारायचं? बीपी असेल, शुगर असेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील, बाळंत होऊन किंवा सिझर होऊन थोडेच महिने झाले असतील, पिशवी काढली असेल, अंग बाहेर येत असेल, तर आधी विचारा. आपल्या भागात पिशवी काढलेल्या बाया पुष्कळ आहेत आणि अंग बाहेर येण्याचं तर आपण आईलाही सांगत नाही. सांगा. त्यावर उपचार आहेत. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची बीपी आणि शुगर आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात, आशाताईंना विचारा. आणि सायकल चालवताना छातीत दाब वाटला, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा, सावलीत बसा, १०८ ला फोन लावा. आमच्यातल्या एकीला बीपीची गोळी चालू आहे. सायकलीनं तिला बरं वाटतं, पण गोळी तिनं सोडलेली नाही. तुम्हीही आपल्या मनानं सोडू नका.

वजनाचं सगळ्या विचारतात. खरं सांगतो, दीड वर्षात एकीचं तीन किलो कमी झालं, दोघींचं जेमतेम एक-एक किलो, आणि जिचं रक्त वाढलं तिचं वजनही दोन किलोनं वाढलं, ते वाढायलाच हवं होतं. म्हणून वजनाच्या काट्यावर जाऊन निराश होऊ नका. दुसऱ्या खुणा बघा. जिना चढताना भिंत धरावी लागत नाही. रात्री पडल्या पडल्या झोप लागते. नातवाला कडेवर घेऊन पाराला फेरी मारता येते. या खुणांना पैसे पडत नाहीत.

शेवटी एक जुनी हकिकत. बायांनी सायकल चालवली तर जग बुडत नाही, हे काही आम्ही पहिल्यांदा सिद्ध केलेलं नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा एक जिल्हा आहे, आपल्यासारखाच कोरडवाहू. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत नावाच्या बाई तिथल्या कलेक्टर होत्या. त्यांनी ठरवलं की बाईला नुसतं वाचायला येऊन भागत नाही, तिला आपली आपण कुठेही जाता आलं पाहिजे. म्हणून त्या मोहिमेत सायकलही शिकवली. शेतमजूर बाया, खाणीवर दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडी ताई, नर्स, अशा हजारो जणी सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्या जेंट्‌स सायकली चालवायला लागल्या, आणि काही जणींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या नळीवर लेकरू बसवता येतं! आपली कैची ज्या नळीखालून चालायची, तीच ती नळी.

त्यांनाही पारावरच्या लोकांनी बोललंच असेल. आम्हाला ज्यांनी "शाळेत नाव घातलं का" म्हणून विचारलं होतं, त्यांची सूनबाई गेल्या महिन्यात आमच्याबरोबर यायला लागली. ती अजून पुलापाशी उतरते. आम्ही पुढे जाऊन तिला हाका मारत नाही. आम्हीही उतरतो, तिच्याबरोबर सायकल ढकलत वर जातो आणि तिला विचारतो, "रक्त तपासलंस का गं?" तिला आळशी म्हणायची चूक आता आम्ही करणार नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. किती जणींना सायकल येते ते हात वर करून विचारा. किती सायकली घरात धूळ खात पडल्यात ते मोजा. आणि शेवटी विचारा, जिना चढताना कुणाला धाप लागते. तो तिसरा प्रश्न विसरू नका.

भेटू पुन्हा. सांभाळून चालवा. नमस्कार.